साखळीचं दुसरं टोक

१

साखळीचं मागचं टोक धरणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. म्हणूनच ते काम मला जमलं. मी आठवीत शाळा सोडली आणि तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान तापतात. पण ही गोष्ट मला सांगायची आहे. मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगेन, जास्तीचं काही जोडणार नाही.

ते १९९६ साल होतं. फेब्रुवारीचा महिना. पनवेलच्या पलीकडं कवड्याचा डोंगर आहे, तो पक्ष्यांसाठी राखीव व्हायचा होता. त्याआधी डोंगरावर काय काय आहे त्याचा नकाशा करायचा होता. दिनानाथ साहेब मोजणीदार होते. तिवईवर फळी मांडून ते कागदावर रंग भरत. रान हिरवं, भाताची खाचरं पिवळी, वरकस जमीन तपकिरी, घर म्हणजे लाल ठिपका. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. तिथं नाचणी होते आणि राबासाठी फांद्या तोडतात. त्या फांद्या खाली आणून खाचरात पसरतात, जाळतात, आणि त्या राखेत भाताचं रोप टाकतात. हे सगळं साहेबांना मीच सांगितलं, कारण मला माहीत होतं. डोंगराखालच्या वाडीतलं सगळ्यांत वरचं घर माझ्या सख्ख्या आत्याचं, बायजाआत्याचं आहे.

आमची साखळी तेहेतीस फुटांची. दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी. पुढची मूठ किसनकाकांकडं असायची. ते माझ्याच गावचे, तळवलीचे, साठीला आलेले. साखळी ताठ झाली की ते मुठीपाशी एक लोखंडी सळई रोवत आणि पुढं निघत. मी त्या सळईपाशी पोचलो की ती उपटून घ्यायची आणि तिथं माझी मूठ टेकवायची. सळया एकूण दहा. दहाही माझ्या हातात जमल्या की खिशात एक खडा टाकायचा आणि सळया काकांना परत द्यायच्या. शेवटी खडे आणि सळया मोजल्या की अंतर कळलं. यात चूक व्हायला जागाच नाही.

डोंगराच्या वरच्या अंगाला कारवी आहे, डोक्यापेक्षा उंच आणि दाट. तिच्यात तेहेतीस फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि त्याची हाकही नीट येत नाही. म्हणून काकांनी हिसक्यांची पद्धत ठेवली होती. सळई रोवली की ते साखळीला दोन हिसके देत, पहिला लहान आणि दुसरा लांब. मी उत्तराला एक द्यायचा. खाडीत दोघं जण जाळं ओढताना दोरावर असंच बोलतात. काकांना ती सवय होती आणि मला ती आवडायची. तोंड न उघडता बोलणं होत होतं.

२

कारवी संपते तिथं कड्याखाली एक बुरूज होता. बुरूज म्हणजे पुरुषभर उंचीची दगडांची रास, वरून चुना फासलेली. जंगलाची जुनी हद्द अशाच राशींनी दाखवतात. ठरलं असं होतं की त्या बुरुजापासून खाली बेचाळीस साखळ्यांवर नव्या हद्दीचा दगड बसवायचा. दगडाच्या वर सगळं राखीव. तिथं राब नाही, गुरं नाहीत, आणि घर असेल तर ते हलवायचं.

आत्याचं घर बुरुजापासून किती लांब, एवढाच प्रश्न होता. बेचाळिसाच्या पुढं असलं तर ते राहणार होतं. नाही तर जाणार होतं.

आत्यानं हरकत घेतली होती. हरकत असली की तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं आणि तिसरी मोजणी शेवटची धरायची, असा साहेबांचा नियम.

पहिल्या दिवशी आम्ही आत्याच्या उंबऱ्यापासून वर निघालो. बुरुजाशी पोचलो तेव्हा माझ्या खिशात चार खडे होते आणि हातात सहा सळया. सेहेचाळीस.

"जुन्या कागदात अठ्ठेचाळीस आहे," साहेब म्हणाले. "असो. जुने लोक अंदाजानं लिहायचे."

सेहेचाळीस म्हणजे चार साखळ्या मोकळ्या. मला बरं वाटलं. निघताना मी बुरुजाला हात टेकून बूट झटकला. हात पांढरा झाला. चुना ओला होता.

वर येणारी वाट एकच, आणि त्या वाटेनं आम्हीच आलो होतो. बुरुजावर वर्षानुवर्षांचं शेवाळ होतं. मी काकांना हात दाखवला.

"दव असंल," काका म्हणाले.

दुपारचे साडेबारा वाजले होते.

३

दुसरी मोजणी तीन दिवसांनी, सोमवारी झाली. साहेब खाली आत्याच्या अंगणात फळी मांडून बसले आणि आम्ही दोघं वर गेलो. चौथा खडा कारवीतच खिशात टाकला, दहाही सळया काकांना दिल्या आणि काका परत काठ्यांत दिसेनासे झाले.

आत शिरलं की आवाज बदलतो. बाहेर पक्षी ओरडत असतात, लांबून खाणीचे सुरुंग ऐकू येतात. कारवीत फक्त आपल्या अंगाला घासणाऱ्या काठ्यांचा आवाज. दोन हिसके आले. मी एक दिला, पुढं झालो, सळई उपटली. परत दोन हिसके. परत सळई. हिसके नेहमीपेक्षा लवकर येत होते. काकांचा गुडघा दुखायचा, ते असे भराभर कधी चढत नसत. मला वाटलं, भूक लागली असेल.

चौथी सळई उपटली आणि समोर बुरूज.

काका तिथं नव्हते. साखळीची पितळी मूठ बुरुजाच्या पायथ्याशी नीट टेकवलेली होती. शेजारी उरलेल्या सहा सळयांची जुडी, टोकं एका बाजूला करून ठेवलेली.

"काका!"

"आरं, हितं हाय मी!" आवाज माझ्या मागून आला, खालून. "तू म्होरं कसा गेलास?"

काका काठ्या बाजूला करत धापा टाकत वर आले. तोंडात विझलेली बिडी होती.

"पयली सळई रोवली आन् परसाकडं गेलो," ते म्हणाले. "साखळी आन् सळया तिथंच भुईवर ठिवल्या. तुला हाक बी मारली, थांब म्हनून. येऊन बघतो तर साखळी नाय, सळया नाय, काय नाय."

"मग या तीन सळया कुणी रोवल्या?"

काका माझ्या हातातल्या सळयांकडं बघत राहिले. मग ते खाली वाकले आणि त्यांनी पितळी मूठ उचलली. तिच्यावर चुना लागला होता. सगळीकडं नाही. चार बोटं जिथं येतात तिथं आतल्या बाजूला, आणि अंगठा येतो तिथं बाहेरून.

"उतारानं घसरली असंल," मी म्हणालो.

"वर?" काका म्हणाले.

चार खडे, चार सळया. चव्वेचाळीस.

खाली आल्यावर साहेबांनी आकडा ऐकला आणि भुवई वर केली. "सेहेचाळीसचे चव्वेचाळीस कसे झाले? सळई कुठं विसरलात का?"

सळया दहाच्या दहा होत्या. साहेबांनी पोलादी टेप काढून साखळी तपासली. तेहेतीस फूट, ना कमी ना जास्त.

"साहेब," मी म्हणालो. कान तापलेच. "शेवटच्या तीन सळया काकांनी नाही रोवल्या."

"मग कोणी?"

मी काकांकडं पाहिलं. काका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

"मीच रोवल्या साहेब," ते म्हणाले. "पोरगा नवा हाय. कारवीत घाबरतो."

साहेबांनी वहीत चव्वेचाळीस लिहिलं. परतताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुळशा, रागावू नको. मना अजून दोन वरसं काम पायजे. असला काय सांगितला तर उद्या घरी बसवतील."

मी रागावलो नव्हतो. मी आकडे वजा करत होतो. दोन मोजण्यांत दोन साखळ्या गेल्या होत्या, आणि बेचाळिसाला आता दोनच उरल्या होत्या.

४

त्या दिवशी मी घरी न जाता आत्याकडं राहिलो. दिवस अजून वर होता. आत्या राबाचा भारा घेऊन उतरत होती. मी तो घ्यायला पुढं झालो तर तिनं हात झटकला.

"सोड. मी काय म्हातारी झाले काय?"

आत्या पासष्टीची. भारा तिच्या दुप्पट रुंद. अंगणात तो टाकून ती तांब्याभर पाणी प्यायली, आणि मी विचारलं, बुरुजापाशी जायला तिला किती वेळ लागतो.

"बुरुजाच्या आंगच्या फांद्या मी आनते लगीन झाल्यापासून," ती म्हणाली. "नवी नवरी व्हते तवा भारा घेऊन येताना तीनदा बसायची. सासू शिव्या द्यायची. मग दोनदा. आता एकदाच बसते."

ती हसली. तिला त्याचा अभिमान होता. मला हसता आलं नाही.

"आत्या, वय वाढलं की माणूस जास्त वेळा बसतो."

तिचं हसू हळूहळू गेलं. ती डोंगराकडं बघत राहिली. अंगणातून कारवीचा पट्टा दिसत होता आणि त्याच्यावर एक पांढरा ठिपका.

"मना वाटला," ती म्हणाली, "मी तयार झाले म्हनून."

थोड्या वेळानं तिनं चूल पेटवली. भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली, "मी कुठं जानार नाय. सांग तुज्या सायबाला. यो घर तुज्या मामांनी माती तुडवून बांधला हाय. पाखरांना र्‍हायाचं तर र्‍हावा, मी काय त्यांना हाकलते? झाडावर र्‍हावा, वळचनीला र्‍हावा. पन मी हितंच मरनार."

पक्ष्यांशी माझंही भांडण नव्हतं. डोंगर राखला पाहिजे हे मलाही कळत होतं. खाली खांदेश्वरच्या बाजूला एकेक करून बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, आमच्या तळवलीची खाचरं रस्त्याखाली गेलेली मी पाहिली होती. कुठंतरी रेघ ओढावी लागते. पण रेघ ओढल्यावर ती ओढली तिथंच राहिली पाहिजे. ही राहत नव्हती.

५

आत्याला सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी मला बाबा आठवले.

मी लहान असताना नव्या शहरासाठी आमच्या गावची जमीन मोजली गेली. मोजणीला माणसं हवी होती. बाबा साखळी धरायला गेले. त्यांना काय काम आहे ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. ते माझ्यासारखेच होते. तीन दिवस ते मागचं टोक धरून चालले, आणि तिसऱ्या दिवशी साखळी आमच्याच खाचराच्या बांधावरून गेली. पुढच्या माणसानं ओढ दिली आणि बाबांनी मूठ सोडली. काम तसंच असतं. पुढचा ओढतो, मागचा सोडतो.

पुढं आयुष्यभर त्यांना एकच गोष्ट लागून राहिली. जमीन गेली हे ते बोलत नसत. "मी सोडली," एवढंच म्हणायचे, आणि उजव्या हाताकडं बघायचे.

मी त्या संध्याकाळी आत्याच्या ओटीवर बसून साखळीची मूठ हातात धरून बघितली. चार बोटं आत, अंगठा बाहेर. नवखा माणूस अंगठाही आत घालतो, मग ओढ बसली की तो मोडतो. अंगठा बाहेर ठेवायला काकांनी मला आठ दिवस शिकवलं होतं.

ज्यानं चुन्याच्या हातानं ही मूठ धरली होती, त्याला कोणीतरी ते शिकवलं होतं. किंवा तो फार वर्षं हेच काम करत होता.

मग माझंच मन म्हणालं, काकाच असतील. चुन्याला हात लावला असेल आणि विसरले असतील. म्हातारा माणूस, बिडी ओढायला बसला आणि वेळ चुकला. असं होऊ शकतं. मी स्वतःला हे तीन-चार वेळा समजावलं. दर वेळी ते पटलं, आणि दर वेळी त्या सहा सळया आठवल्या, टोकं एका बाजूला करून ठेवलेल्या. काका त्या नेहमी विस्कटून टाकायचे.

६

तिसरी मोजणी शुक्रवारी होती. उंबऱ्यापाशी काकांनी पुढची मूठ उचलली आणि परत खाली ठेवली.

"मी आज म्होरं जानार नाय," ते साहेबांना म्हणाले. "गुडघा."

गुडघ्याचं कारण नव्हतं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मी जातो पुढं," मी म्हणालो. साहेबांनी मान हलवली. त्यांना आज काम संपवायचं होतं. दगड बैलगाडीतून येऊन खाली पडला होता, आणि त्याला चुनाही फासून झाला होता.

आत्या दारात उभी होती. साखळीची मागची मूठ काकांच्या हातात दिली ती तिनंच.

आम्ही निघालो. नाचणीची उघडी जमीन, मग ऐनाची झाडं, मग कातळ. दर साखळीला मी सळई रोवायचो, दोन हिसके द्यायचो आणि खालून काकांचा एक यायचा. त्या एका हिसक्यानं मला धीर यायचा. तिसरा खडा काकांच्या खिशात गेला. तीस. आता पुढं कारवी.

एकतीस. बत्तीस. ऊन डोक्यावर होतं, पण कारवीत ते खालपर्यंत येत नव्हतं. पस्तीस. मी मोठ्यानं मोजत होतो, आवाज ऐकू यावा म्हणून. सदतीस. अडतीस.

अडतिसावी सळई रोवून मी मान वर केली आणि काठ्यांच्या फटीतून पांढरं दिसलं.

मी तिथंच उभा राहिलो. कडा अजून वर होता, त्याची सावलीही इथवर येत नव्हती. सोमवारी इथं मी फक्त काठ्या पाहिल्या होत्या. आता एका साखळीवर बुरूज उभा होता. त्याच्या भोवतालची कारवी तुटलेली नव्हती, वाकलेलीही नव्हती. चुन्याचा ओला वास येत होता.

एकोणचाळीस. साहेब वहीत एकोणचाळीस लिहिणार, आणि आत्याचं घर तीन साखळ्या आत.

मी दोन हिसके दिले. खालून एक आला. मग मी पुढं झालो. मूठ माझ्या उजव्या हातात होती. बुरूज हाताच्या अंतरावर आला तेव्हा, खरं सांगतो, मला फक्त त्याचा खालचा दगड बघायचा होता. दगडाखाली गवत पिवळं पडलं आहे की हिरवं आहे, एवढंच. जुनी रास असेल तर खाली गवत नसतं. मी वाकलो. दगडांच्या कडेनं हिरवं गवत बाहेर आलं होतं. ताजं, दबलेलं.

आणि मुठीला ओढ बसली.

पुढून.

हात खांद्यापासून ताणला गेला. मूठ बुरुजाच्या दोन दगडांमधल्या फटीशी गेली होती. मी खाली बघितलं. मुठीवर माझी चार बोटं होती, आणि माझ्या बोटांच्या शेजारी, फटीतून आलेली, आणखी चार. चुन्यानं माखलेली. नखांपर्यंत पांढरी. अंगठा बाहेर.

ती घाईत नव्हती. रोजचं काम करणाऱ्या माणसाच्या हाताला जेवढी घाई असते तेवढीच. लहान हिसका, मग लांब हिसका. मग ती थांबली. माझ्या उत्तराची वाट बघत.

मला ओरडता आलं नाही. कधीच येत नाही. पण एवढं कळलं की मी मूठ सोडावी हेच त्याला हवं होतं. पुढचा ओढतो, मागचा सोडतो. मी सोडली असती की साखळी गेली असती, तिच्या मागून काका, आणि काकांच्या मागून उंबरा.

मी उत्तर दिलं नाही. डावा हात साखळीच्या कड्यांत घालून मी दोन्ही टाचा मातीत रुतवल्या.

"काका!" आवाज फुटला तेव्हा तो मलाच ओळखू आला नाही. "काका, साखळी झाडाला बांधा! आणि सोडू नका!"

कड्या खळखळल्या, मग माझ्या मागची साखळी ताठ झाली आणि ताठच राहिली. काकांनी ती कारवीतल्या एका ऐनाला गुंडाळली होती. आता ओढणाऱ्याला अख्खं झाड ओढावं लागणार होतं.

कड्या तळहातात शिरल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्याकडं नव्हतं. एवढंच आठवतं की मी बोलत होतो. न थांबता बोलत होतो. "माझ्या बापानं सोडली होती," मी म्हणत होतो. "मी नाही सोडणार. काय करायचं ते कर. हे घर माझ्या आत्याचं आहे. उंबऱ्यापासून सेहेचाळीस आहे. सेहेचाळीस."

मग ओढ गेली. झटका नाही, काही नाही. कोणीतरी काम उद्यावर टाकावं तशी.

७

काका काठ्या मोडत वर आले तेव्हा मी बुरुजाचे दगड उतरवत होतो. बुरुजाला हात लावणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं. मी वरचा दगड उचलला, खांद्यावर घेतला आणि चढायला लागलो.

"आरं, येडा झालास काय?" काका म्हणाले. मग त्यांनी ती जागा नीट बघितली. कडा बघितला. खालची साखळी बघितली. त्यांनी बिडी काढली, न पेटवता परत खिशात ठेवली आणि दुसरा दगड उचलला.

सात साखळ्या वर, कड्याच्या पायथ्याशी, आम्हाला ती जागा सापडली. जमिनीवर चुन्याचं एक पांढरं कडं होतं, बुरुजाच्या मापाचं. त्याच्या आत गवताची काडी नव्हती. आम्ही तिथं दगड रचायला लागलो. रास अर्धी झाली तरी खालच्या राशीत आत काय आहे ते मी बघितलं नाही. काकांनी बघितलं असावं. शेवटचे चार दगड त्यांनी एकट्यानं आणले, आणि मला म्हणाले, "तू वरच थांब."

काका चौथा दगड ठेवत होते तेव्हा साहेब आले. वेळ का लागतो ते बघायला आले होते. आमचे कपडे पांढरे झाले होते आणि माझ्या तळहातांतून रक्त येत होतं. साहेबांनी आमच्याकडं एकदा पाहिलं. ते खाली जाऊन ती दुसरी जागा बघून आले, दबलेल्या हिरव्या गवताची. मग वर येऊन चुन्याच्या कड्याभोवती एक फेरी मारली. कडं जुनं होतं. त्यातला चुना दगडासारखा झाला होता. शिकलेल्या माणसालाही ते दिसत होतं.

"मी बावीस वर्षं मोजतोय," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी स्वतः मागची मूठ घेतली. काका पुढं झाले, मी सळया गोळा केल्या आणि बुरुजापासून खाली उंबऱ्यापर्यंत आम्ही परत मोजलं. चार खडे, सहा सळया.

साहेबांनी वहीत सेहेचाळीस लिहिलं आणि खाली सही केली. मग टोपण लावता लावता म्हणाले, "तुळशीराम, बुरुजाला तू हात लावलास हे मी पाहिलं नाही. पण सोमवारपासून तू कामावर येऊ नकोस. तुला इथं परत आणायची माझी हिंमत नाही."

दगड बसला. बुरुजापासून बेचाळीस साखळ्या खाली, आत्याच्या उंबऱ्यापासून चार साखळ्या वर. पांढरा, गुडघ्याएवढा, अर्धा जमिनीत. त्याच्या वर पक्षी, त्याच्या खाली आत्या. त्या दिवशी आत्यानं सगळ्यांना गुळाचा चहा दिला. साहेब दोन कप प्यायले.

८

मी तळवलीला परत गेलो नाही. आत्याला शेतीला माणूस हवंच होतं.

पहिल्याच आठवड्यात मी काथ्याचा एक दोर वळला, बरोबर चार साखळ्यांचा. एक टोक आत्याच्या दाराच्या खांबाला बांधलं, दुसरं त्या दगडाला, आणि मध्ये बांबूच्या बेचक्या लावून तो ताठ केला. वाडीतली माणसं हसली. "तुळशा, डोंगर पळून जाईल म्हनून बांधलास काय?" मी बेचक्या ठोकत राहिलो. आत्यानं मात्र उत्तर दिलं, "वलनी हाय ती. मना लुगडी वाळत घालाया लांब पडत व्हती." आणि खरंच, दाराकडच्या टोकावर ती लुगडी वाळत घालायला लागली.

राब झाला, पेरणी झाली, लावणी झाली. पावसात वरचं रान असं दाट झालं की बुरूज दिसेना. पक्षी खूप आले. आत्याच्या वळचणीला कवड्यांनी दोन घरटी केली, तिनं ती काढू दिली नाहीत. दोर ताठ होता. मी रोज सकाळी चहाच्या आधी त्याला बोटानं टिचकी मारायचो आणि तो तारेसारखा वाजायचा. मी साधा माणूस आहे. पाच-सहा महिने काही झालं नाही म्हणजे आता होणार नाही, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी मी अंगणात आलो तर आत्या वलणीपाशी उभी होती. आदल्या दिवशी वाळत घातलेलं तिचं हिरवं लुगडं जमिनीला टेकलं होतं. काठाला चिखल लागला होता.

"वाऱ्यानं," मी म्हणालो.

"वारा नाय," आत्या म्हणाली.

वारा नव्हताच. कारवीचं पानही हलत नव्हतं. मी दोराला टिचकी मारली. तो वाजला नाही, नुसता झुलला. दोन्ही गाठी पक्क्या होत्या. खांब जागेवर होता. मी डोळ्यांनी दोराच्या कडेनं वर बघत गेलो, एकेका बेचकीवरून, आणि दोराच्या शेवटी, आदल्या दिवशी होता त्याहून अलीकडं, तो पांढरा दगड होता. ओला. पावसानं ओला असेल. तीन दिवस पाऊस नव्हता.

मी दोर हातात घेतला. चार बोटं आत, अंगठा बाहेर. तेवढ्यात तो माझ्या हातात हलला. एक लहान हिसका, मग एक लांब.

आत्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला कळलं. तिनं लुगडं गोळा करून खांद्यावर टाकलं आणि दाराच्या खांबाला पाठ लावून, दोन्ही हातांनी दोराचं टोक धरून बसली.

"मी धरते," ती म्हणाली. "ओढू दे त्याला किती ओढायचा तो."

मी उत्तराचा हिसका दिला नाही. ओटीच्या कोपऱ्यातून पहार घेतली, आणि दगड जिथं होता तिथं परत नेऊन रोवायला डोंगर चढायला लागलो.